रातकिड्याचं समीकरण

या रे पोरांनो, वाकळ ओढून घ्या अंगावर. परसात तो रातकिडा लागलाय ना किरकिरायला, त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांवर एका मास्तरानं चक्क समीकरण मांडलं होतं. एमॉस डॉल्बेअर त्यांचं नाव. मॅसॅच्युसेट्समधल्या टफ्ट्स कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आणि गडी असा खटपट्या की टेलिफोन आपणही बनवलाय म्हणून बेलच्या कंपनीशी पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडला आणि 1888 साली तिथं हरला. पण ते असो, कोर्टकचेरीच्या गोष्टीला रात्र पुरायची नाही.

तर 1897 साली या मास्तरांनी एक इवलासा लेख लिहिला. म्हणाले, हवा 60 अंश फॅरेनहाइट असली की रातकिडा मिनिटाला 80 वेळा किरकिरतो, 70 असली की 120 वेळा. आता पाटीवर आडवं तापमान घ्या, उभी किरकिर घ्या, आणि या दोन जोड्यांचे दोन ठिपके द्या. गवंडी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणतो, की मधल्या विटा कुठं बसायच्या ते आपोआप ठरतं. तशी या दोन ठिपक्यांतून सरळ रेघ जाते, आणि ती एकच जाते, दुसरी जाऊच शकत नाही.

तिचा चढ काढू. तापमान 10 अंशांनी वाढलं, किरकिर 40 नं वाढली. म्हणजे अंशामागं 4. आता 60 ची चौपट 240, किडा तर ओरडतो 80 च वेळा, तेव्हा 160 वजा करायचे. झालं समीकरण: किरकिर = 4 × तापमान − 160. आणि थर्मामीटर हाताशी नसला तर उलटं चाला, मिनिटाची किरकिर मोजा, 160 मिळवा, 4 नं भागा. शंभर ऐकू आल्या? मग हवा 65 अंश.

किड्याला कुठलं आलंय गणित! त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, हवा थंडावली की स्नायूंमधलं रासायनिक कामकाजच मंदावतं, आणि पंखावर पंख घासून गाणारा तो नर (गातो नरच बरं का, आणि ऐकण्याचे कान असतात पुढच्या पायांत!) आपसूक सावकाश होतो.

पण रेघेला किड्याची दयामाया नाही. 35 अंश घालून बघा, उत्तर येतं उणे 20. आता उणे वीस वेळा किरकिरायचं म्हणजे काय करायचं त्या बिचाऱ्यानं? 50 च्या खाली गाण्यात दवडायला त्याच्याजवळ ताकदच उरत नाही, हे मास्तरांनीही लिहून ठेवलंय.

आपल्या परसातल्याची जात वेगळी, म्हणून रेघही वेगळी. एक मोजणी उकाड्याच्या रात्री करा, एक पौषातल्या थंडीत, तुमची रेघ तुम्हीच काढा. आणि मधल्या एखाद्या रात्री तिसरी मोजणी हवीच, कारण दोन ठिपके कुठलेही घेतले तरी त्यांतून सरळ रेघ जातेच, खरं-खोटं करतो तो तिसरा. फक्त किडा एकटा गाठा. चार-पाच जण एकदम सुरू झाले, तर मोजता मोजता तुम्हीच किरकिरायला लागाल.