गोष्टीत हंडा सापडतो, गल्लीत नाही

गेल्या महिन्यात आमच्या धाकट्याच्या शाळेत हस्तलिखितासाठी गोष्टी मागितल्या. बाईंची अट एकच, 'खरी वाटली पाहिजे.' पाचवीतला हा पठ्ठ्या अर्ध्या तासात लिहून मोकळा! गरीब शेतकरी, त्याला नांगरताना मोहरांचा हंडा सापडला, तो श्रीमंत झाला. संपली गोष्ट.

"अरे, आपल्या गल्लीत कुणाला सापडलाय का हंडा?"

"नाही. पण गोष्टीत सापडतो ना!"

त्याचं तरी काय चुकलं? हंडा, परी, राक्षस आपणच सांगत आलो. (त्याही गोष्टी हव्यातच, माझी तक्रार नाही.) पण व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९ साली 'माणदेशी माणसं' हे पुस्तक दिलं, ते आपल्या मुलखातल्या साध्यासुध्या माणसांवरच. राजा-राणीवाचून त्यांचं काही अडलं नाही.

मग मी भाकरी थापता थापता त्याला नुसतं विचारत गेले. तुझ्या गोष्टीतल्या मुलाला काय हवंय? ते का मिळत नाही? मग तो काय करतो? वाट त्यानंच शोधायची, हंड्यानं नाही. 'तो दुःखी झाला' असं लिहू नकोस, दुःखी झाल्यावर तो काय करतो ते लिही. जेवताना गप्प बसतो, की उगाच बहिणीला चिमटे काढतो? आजी घरात बोलते तशीच गोष्टीत बोलू दे, 'कुटं चाललास रं' म्हणू दे. आणि नावं बदल, म्हणजे मनातलं लिहायला धीर येतो. शुद्धलेखनाला मात्र मी हात लावला नाही. आधीच वेलांट्या सुधारायला बसलं की पोर पुढं लिहीतच नाही, हे थोरलीच्या वेळी करून बसलेय.

दोन दिवसांनी वही आली. गण्या नावाचा मुलगा. शाळेची सहल निघते. पैशांची चिठ्ठी तो दप्तराच्या तळाशी लपवतो, कारण बाबांचं किराणा दुकान बंद पडलंय. आईला सांगतो, सहल रद्द झाली. त्या दिवशी नेहमीसारखा डबा घेऊन निघतो आणि मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसून एकटाच खातो.

मी वाचता वाचता थांबले. आमचं दुकान गेल्या वर्षीच बंद झालं. आणि 'सहल रद्द झाली' हे मीही डिसेंबरात ऐकलं होतं.

खरं सांगते, आधी वाटलं, खोडून टाकावं. बाई वाचतील, वर्गातल्या मुलांच्या आया वाचतील. खोडरबर हातात घेतलंसुद्धा. पण खरं लिही म्हणून मागं कोण लागलं होतं? ठेवलं खाली. "किराण्याऐवजी सायकलचं दुकान करूया का?" एवढंच विचारलं. तो लगेच हो म्हणाला.

मग हळूच म्हटलं, "गण्याच्या आईला कधी कळतच नाही का रे?"

पेन्सिल चावत बसला थोडा वेळ. "कळलं तर गोष्ट मोठी होईल. वहीत दोनच पानं उरलीत."

संध्याकाळी भाजीबरोबर मी शंभर पानी वही घेऊन आले.