शेवटचं कडवं ऐकून घ्या

भीमजयंतीच्या दिवसांत आम्ही मानवतच्या वस्त्यांमध्ये फिरतो, तेव्हा एक फरक जाणवतो. गायन पार्टीत हार्मोनियम, ढोलकी आणि कोरसवर गाणं पूर्ण ऐकायला मिळतं. डीजेवर मात्र ध्रुपद तेवढंच वाजत राहतं.

या गायकीचं मूळ जलशात आहे. तमाशाचाच साज घेऊन आधी सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी कलावंतांनी आशय बदलला. गणात गणेशस्तवनाऐवजी बाबासाहेबांना वंदन आलं. वगात शिक्षण, पाणवठा, मंदिरप्रवेश आले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत चळवळ गाण्यातून पोहोचली.

लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हेच काम आयुष्यभर केलं. त्यांच्या गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येतं. ही नाममुद्रा म्हणजे कवीची सही. कडवं कापलं की सही जाते आणि गाणं बेवारस होतं. वामनदादांचं नाव तरी सर्वांना ठाऊक आहे. खेड्यातल्या कवीची ओळख त्या एका ओळीवरच टिकून असते.

म्हणून तरुण मित्रांनो, आपल्या गावातल्या ज्येष्ठ गायकांना भेटा. त्यांच्या परवानगीनं गाणं शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. कवी, गायक, गाव आणि तारीख लिहून ठेवा. जयंतीचा हिशेब मांडताना डीजेच्या भाड्याआधी गायकांचं मानधन ठरवा. रोजंदारी बुडवून ते रात्रभर गातात.

जय भीम!