कुंपणच शेत खातें तेव्हां

गेल्या दिवाळींत चिखलीच्या आमच्या घरीं एक जुना विद्यार्थी भेटीस आला. गालाच्या आंतल्या बाजूस तीन महिन्यांची जखम, आणि तंबाखूचें व्यसन त्याहून पुष्कळ जुनें. "गुरुजी, शरीर आपली जखम आपणच भरून काढतें, असें आपणच शिकविलेंत ना?" असें तो हंसून म्हणाला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. आमचा धडा अपुरा होता. तो पुरा करण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

१८८२ सालीं मेसिना येथें मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक डिंभांत कांटा टोचला. दुसऱ्या दिवशीं कांट्याभोंवतीं भक्षक पेशींचा वेढा पडलेला दिसला. रोगप्रतिकारावरील कार्याबद्दल १९०८ चें नोबेल पारितोषिक त्यास एर्लिखसमवेत मिळालें.

असे रक्षक आपणांसही जन्मतःच लाभलेले असतात. महाभक्षी पेशी परकें व मृत तें गिळतात. मारक पेशी प्रत्येक पेशीच्या अंगावरील ओळखीची खूण तपासतात. खूण टाकून दिलेली कर्कपेशी आढळली कीं तिचा नाश करतात.

मग अर्बुद वाढतें कसें? महाभक्षी पेशींकडे कामें दोन: शत्रूशीं लढणें व जखम भरणें. अर्बुद हें जणूं कधींच न भरणारी जखम. तें रासायनिक संदेश धाडून त्यांना दुसऱ्याच कामास जुंपतें. मग त्या अर्बुदास नव्या रक्तवाहिन्या पुरविण्यास साह्य करतात आणि लढणाऱ्या इतर पेशींना थोपवितात. कुंपणच शेत खाऊं लागतें!

परंतु हें कुंपण पुन्हां सरळही करतां येतें. मूत्राशयाच्या वरवरच्या कर्करोगांत क्षयावरील बी. सी. जी. लस मूत्राशयांतच सोडतात. १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या उपायानें झोंपलेले रक्षक जागे होतात.

आपल्याकडेही या विद्येची परंपरा आहे. मुंबईस १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेंत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं कर्करोग-संशोधनाचा पाया घातला. त्यांच्या शिष्या, पुण्यास जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं पुढें मुंबईच्याच भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशी कांचपात्रांत वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली.

विद्यार्थ्यास आम्ही त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे नेलें. तुकडा काढून तपासला. रोग आरंभींच सांपडला, शस्त्रक्रिया झाली. वाचकहो, तोंडांतील जखम अथवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत न गेल्यास शरीराच्या भरंवशावर राहूं नका. त्याची तंबाखूची चंची आतां आमच्या फडताळांत आहे. ती परत मागण्यास तो अद्याप आलेला नाहीं.