रोहित्राची क्षमतावाढ आणि वाढीव दोषधारा

प्रस्तावना :
महाविद्यालयांत संगणककक्ष, प्रयोगशाळा व वातानुकूलन यंत्रणा यांची भर पडते, तसा विजेचा भार वाढतो आणि जुन्या रोहित्राच्या जागी अधिक क्षमतेचे रोहित्र बसविले जाते. मुख्य वितरण फलक मात्र बहुधा जुनाच राहतो. त्यातून उद्भवणारा धोका व त्यावरील उपाय यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोषधारेचे गणित :
शॉर्ट सर्किटच्या वेळी वाहणाऱ्या विद्युतधारेस मुख्यतः रोहित्राचा संरोध, म्हणजे व्यवहारातील इम्पीडन्स, आवर घालतो. पूर्णभार धारेस संरोधाच्या टक्केवारीने भागून शंभरने गुणले असता कमाल दोषधारा मिळते. यात उच्चदाब बाजूचा संरोध नगण्य मानलेला असतो. ४३३ व्होल्टच्या ५०० केव्हीए रोहित्राची पूर्णभार धारा ६६७ अँपिअर असते, संरोध ४.५ टक्के धरल्यास दोषधारा सुमारे १४.८ किलोअँपिअर येते. १००० केव्हीए व ५ टक्के संरोध असल्यास ती २६.७ किलोअँपिअर होते.

परिणाम :
१६ किलोअँपिअर खंडनक्षमतेचा सर्किट ब्रेकर पूर्वी पुरेसा होता. आता धारा खंडित करताना तो स्वतःच फुटू शकतो. बसबारवरील यांत्रिक बल धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते सुमारे सव्वातीन पट होते. फलकासमोर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाशी हा प्रश्न निगडित आहे. तथापि धोका सर्वत्र सारखा नसतो. १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या ५० मीटर लांब केबलच्या टोकाशी दोन्ही रोहित्रांवर दोषधारा सुमारे ४ किलोअँपिअरच राहते. कारण तेथे केबलचा रोध निर्णायक ठरतो.

उपाय :
१) मुख्य फलकातील अपुरे ब्रेकर बदलणे व बसबारची सहनक्षमता तपासणे.
२) ब्रेकरच्या आधी धारा मर्यादित करणारे एचआरसी फ्यूज बसविणे, मात्र ही जोडी उत्पादकाने चाचणीअंती प्रमाणित केलेली असावी.
३) अधिक संरोधाचे रोहित्र मागविणे, यात भारासोबत व्होल्टता अधिक घटते, हे ध्यानात घ्यावे.
४) ५०० केव्हीएची दोन रोहित्रे स्वतंत्र बसबारवर चालविणे व मधला कपलर उघडा ठेवून त्यास इंटरलॉक देणे.

निष्कर्ष :
रोहित्राची क्षमता वाढविणे ही केवळ खरेदीची बाब नसून संपूर्ण वितरणव्यवस्थेच्या फेरतपासणीची बाब आहे. म्हणून नव्या रोहित्राच्या अंदाजपत्रकातच दोषधारेची गणना व मुख्य फलकाच्या सुधारणेचा खर्च समाविष्ट करणे आवश्यक ठरते.