स्थूलता आणि गळ्यातील ग्रंथी

रत्नागिरीच्या घरांत एखाद्या गृहिणीचे अंग सुटू लागले की पहिला ठपका भातावर येतो. भात सुटतो, एकादशीला सोमवारची जोड मिळते; वजन मात्र हलत नाही. मग खादाडपणाचा आरोप होतो, आणि तो पुष्कळदा अन्यायाचा असतो. (उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, ही गोष्ट निराळीच!)

काही वेळा दोष गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा असतो. तिचा रस कमी पडला म्हणजे शरीरातील ज्वलन मंदावते, अंगात पाणी साठते, थंडी सोसवत नाही, मलावरोध जडतो, केस गळतात. समुद्रकाठी मासळीतून आयोडीन मिळत असता येथे हा विकार कसा, असे कोणी विचारील. परंतु १९१२ साली जपानी शल्यवैद्य हाकारू हाशिमोतो यांनी वर्णिलेल्या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच ग्रंथीवर उलटते. तेथे जादा आयोडीन अपायही करू शकते.

याचा निर्णय रक्ततपासणीनेच होतो. वैद्याने सांगितलेली गोळी सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा निदान अर्ध्या तासाने, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. ग्रंथी निरोगी असता केवळ सडपातळ होण्यासाठी ही गोळी घेणे हृदयास घातक होय. दम्यावर वा सांधेदुखीवर दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडनेही वजन वाढते; परंतु ते औषध एकाएकी सोडू नये.

गोळीने उतरते ते थोडेच, बहुतांशी साठलेले पाणी. उरलेल्यासाठी कुळथाची पिठी, बांगडा व पालेभाजी पानात वाढवून भाताची मूद लहान करावी. कोबी शिजवून खाण्यास हरकत नाही.