गिटारवर उमटलेला पट्टा

माझ्या मामेभावाची गिटार जुनी आहे, तो अमेरिकेत होता तेव्हा घेतलेली. रंग मधासारखा, आणि चकाकी अशी की समोरच्या खिडकीचे गज तिच्यात मोजता यावेत. गेल्या वर्षी पावसाळाभर ती पेटीत पडून होती. गणपतीत बाहेर काढली तेव्हा तिच्या पाठीवर एक पट्टा उमटलेला दिसला. दोन इंच रुंद, धुरकट, कडेची शिवणही टाक्याटाक्यानं मोजता येईल इतकी स्पष्ट. बोट फिरवलं तर चिकट लागत होतं, नख टेकवलं तर खूण राहत होती. खरा पट्टा काळ्या रेक्झिनचा. गिटारभोवती तो गुंडाळूनच त्यानं पेटी बंद केली होती. “पुसलं की जाईल रे,” तो म्हणत होता. गेलं नाही. जाणारही नव्हतं, कारण वर काही बसलेलंच नव्हतं. खालचं पॉलिशच मऊ होऊन बसलं होतं.

हा प्रकार आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेला आहे. मे महिन्याच्या सुट्टीनंतर कंपासपेटी उघडली की खोडरबर प्लास्टिकच्या फूटपट्टीला घट्ट चिकटलेलं असे. ओढून काढलं की पट्टीत त्याच्या आकाराचा खळगा. आम्ही उन्हाला दोष द्यायचो. ऊन मदत करतंच, पण खरी करामत खोडरबराच्या पोटातल्या तेलकट द्रव्याची. बरीच पांढरी खोडरबरं रबराची नसून मऊ पीव्हीसीची असतात. हे पीव्हीसी मुळात कडक, आपल्या घरातल्या नळाच्या पाइपाइतकं कडक. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात थॅलेट वर्गातली किंवा तशीच दुसरी तेलकट द्रव्यं मिसळतात. त्यांना प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ पीव्हीसीच्या वजनात या द्रव्याचा वाटा बऱ्याचदा तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो.

घडीच्या पोळीत तेल कशासाठी लावतात? पदर एकमेकांना चिकटू नयेत, सुटे राहावेत म्हणून. प्लास्टिसायझर तेच करतो. पीव्हीसीच्या लांबलचक रेणूंच्या मधे शिरून त्यांना एकमेकांवरून सरकू देतो. पण पोळीतलं तेल जसं पिठाशी जोडलेलं नसतं, तसाच हा द्रवही पीव्हीसीशी रासायनिक बंधानं बांधलेला नसतो. पोळी कागदावर ठेवली की कागदाला तेल लागतं. पट्ट्याचं रेक्झिनही बहुधा असंच मऊ पीव्हीसी. त्याला लगटून त्या द्रवाला सामावून घेणारा दुसरा पदार्थ आला की द्रव तिकडे झिरपू लागतो. झेरॉक्सचे कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं राहिले की अक्षरं फोल्डरला चिकटून येतात, तीही याच वाटेनं. टोनर म्हणजे शेवटी प्लास्टिकची भुकटीच.

आता गिटारच्या बाजूनं पाहू. तिच्या अंगावरचं लॅकर नायट्रोसेल्युलोजचं आहे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा हा पदार्थ ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं बाझल इथे १८४६च्या सुमारास तयार केला. सुरुवातीला त्याचा उपयोग स्फोटक म्हणून झाला. १९२०च्या दशकात ड्यू पाँट कंपनीनं त्याचं पटकन वाळणारं लॅकर मोटारींसाठी बाजारात आणलं, आणि गिब्सन, मार्टिन यांच्यासारख्या गिटारकारांनीही ते उचललं. दोघंही आजतागायत ते वापरतात. पातळ थर, लाकडाला मोकळेपणानं थरथरू देणारा आणि वर्षांगणिक पिवळसर होत जाणारा. वादकांचा त्यावर जीव असतो आणि मला तो समजतो.

मात्र हे लॅकर नुसतं वाळतं, पक्कं होत नाही. पातळक उडून जातं आणि मागे रेणू एकमेकांत गुंतून राहतात. त्यांच्यात नवे बंध तयार होत नाहीत. म्हणून दहा वर्षांनीसुद्धा अॅसिटोन लावला की ते पुन्हा विरघळतं. रेक्झिनमधलं द्रव्य अॅसिटोनइतकं उतावळं नाही, पण त्याला घाईही नसते. ते लॅकरमध्ये शिरतं, रेणूंना सुटं करतं आणि कडक थर पुन्हा मऊ होतो. उकाड्यात रेणू जास्त हलतात, झिरपण्याचा वेग वाढतो. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीतली गिटार म्हणूनच सर्वांत धोक्यात. आजकालच्या बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. त्यांचे रेणू वाळताना एकमेकांशी जाळ्यासारखे बांधले जातात, त्यामुळे पट्ट्याची चिंता बरीच कमी होते.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. रेक्झिन हे मुळात एका इंग्लिश कृत्रिम कातड्याचं व्यापारी नाव. तेव्हा ते कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊनच करत. म्हणजे लॅकर आणि रेक्झिन एकेकाळी भाऊबंद होते. आज दुकानात त्याच नावानं जे मिळतं ते बहुधा पीव्हीसी.

मग पट्टा घ्यायचा कशाचा? सुती नवारीचा, जशी खाटेला असते तशी, हे माझं पहिलं उत्तर. तिच्यातून झिरपण्यासारखं काही नसतं. गडद रंगाची असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून पाहावी, फडकं रंगलं तर नको. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या विणलेल्या पट्ट्याही चालतात, मात्र खांद्यावर येणारी गादी रेक्झिननं मढवलेली नाही ना, हे उलटून पाहावं. कातडं चांगलं, पण कुठलं ते पाहावं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं, कोल्हापुरी चपलेत असतं तसं कातडं मला आवडतं. घामानं चिंब झालं तर त्याचा रंग फिकट लाकडावर उतरू शकतो, एवढी काळजी घ्यावी. रबर मात्र मी टाळतो. गिटार टेकवायच्या स्टँडच्या रबरी नळ्यांचे डाग अनेकांनी पाहिले असतील. रबर लवकर तडकू नये म्हणून त्यात घातलेली द्रव्यं बाहेर येऊन तपकिरी खुणा ठेवतात.

दुकानदाराला “हे पीव्हीसी आहे का?” असं विचारून फारसं हाती लागत नाही. त्यासाठी एक जुनी रासायनिक परीक्षा आहे. तांब्याची तार चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत लाल करायची, पट्ट्याच्या आतल्या कडेतून कातरलेल्या तिळाएवढ्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. क्लोरीन असेल तर ज्योत झळझळीत हिरवी होते, आणि अशा पट्ट्यात क्लोरीन म्हणजे जवळजवळ नक्की पीव्हीसी. धूर अपायकारक असतो, म्हणून हे उघड्या हवेत करावं आणि मुलांना लांब ठेवावं. मामेभावाच्या पट्ट्याचा तुकडा आम्ही गच्चीत असाच तपासला. पोपटी हिरवा रंग क्षणभर चमकला, आणि मामेभाऊ गप्पच झाला.

आपल्याकडच्या वाद्यांना हा प्रश्न परका नाही. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे यांना परंपरेनं चपड्याचं पॉलिश असतं, लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या राळेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्यानं चढवलेलं. तेही नुसतं वाळलेलं पॉलिश. स्पिरिट लागलं की पुन्हा सुटणारं, आणि गरमीत मऊ पडून खोळीच्या मखमलीची लव अंगावर उमटवून घेणारं. अशा तंबोऱ्याला सुती खोळच बरी.

पॉलिश उतरवून नव्यानं चढवलं तर गिटारची ती जुनी पिवळसर छटा जाणार, म्हणून मामेभावानं खूण तशीच ठेवायचं ठरवलं. पुन्हा झिरपायला काही उरलं नाही तेव्हा काही महिन्यांत चिकटपणा थोडा कमी झाला, धुरकटपणा राहिला. आता त्याच्याकडे सुती नवारीचा पट्टा आहे, टोकांना बिनरंगी कातडं शिवलेला. वाजवून झालं की तो पट्टा काढतो आणि पेटीबाहेर, दाराच्या खुंटीला अडकवतो.