धुक्याचे यंत्र आणि बोअरचे पाणी

लग्नात नवरानवरी स्टेजकडे निघाली की दोन्ही बाजूंनी पांढरे ढग उसळतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात देव प्रकट होतो तेव्हाही तेच. हे काम करणाऱ्या यंत्राला कुणी स्मोक मशीन म्हणते, कुणी फॉग मशीन. यातले दुसरे नाव बरोबर आहे. धुरात प्रामुख्याने जळक्या पदार्थाचे घन कण असतात; या यंत्रातून बाहेर येतात ते द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब, म्हणजे धुकेच.

या यंत्राची नेहमीची तक्रार अशी, की ऐन लग्नसराईत पंप घरघरतो, दिवा लागतो, पण तोंडातून काही येत नाही. 'जाम झाले' एवढेच निदान होते. पण जाम झाले म्हणजे नेमके काय अडकले, आणि टाकीत तर फक्त द्रव ओतला होता, मग अडकायला घन पदार्थ आला कुठून? हा प्रश्न आपल्याला थेट रसायनशास्त्रातल्या दुष्फेन पाण्याच्या धड्यापर्यंत घेऊन जातो.

ज्यांच्या घरी हवा भरायचा पितळी स्टोव्ह होता, त्यांना या यंत्राची रचना लगेच समजेल. स्वीडनमधल्या लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली तयार केलेला हा स्टोव्ह प्रायमस नावाने जगभर गेला. त्यात रॉकेल दाबाने वर चढते, तापलेल्या बर्नरच्या नळीत त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून जोराने बाहेर पडते. धुक्याच्या यंत्रात हवेच्या पंपाऐवजी विजेचा छोटा पंप असतो आणि ज्योतीऐवजी विजेचा हीटर. धातूचा एक जाड ठोकळा दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवलेला असतो, आणि त्याच्या आतून वेटोळी नळी जाते. पंप द्रव ढकलतो, नळीत त्याची क्षणात वाफ होते, आणि तोंडाबाहेरच्या थंड हवेत वाफ पुन्हा थेंब बनते. फरक एवढाच की इथे वाफ जाळायची नसते.

टाकीतला द्रव म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांचे मिश्रण. नुसते पाणी का चालत नाही, हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. एप्रिलमधली लातूरची हवा इतकी कोरडी असते की पाण्याचा सूक्ष्म थेंब त्यात बघता बघता विरून जाईल. ग्लायकॉल सहजासहजी उडून जात नाही, शिवाय ते पाण्यालाही धरून ठेवते. म्हणून हे धुके उन्हाळ्यातही काही मिनिटे टिकते.

आता तुंबण्याकडे वळू. नळीत पाण्याची वाफ होते, ग्लायकॉलचीही होते. पण पाण्यात विरघळलेल्या क्षारांची वाफ होत नाही. ते मागे राहतात. यंत्र बनवणारे तयार द्रवच वापरा असे सांगतात, आणि त्यात खनिजरहित पाणी असते. पण तयार द्रव महाग, तेव्हा ग्लिसरीन आणून त्यात मंडपातल्या पिंपातले पाणी मिसळण्याचा मोह होतो. त्या पाण्याने काय होते याचा एक साधा हिशेब करू.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठिणतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. समजा, आपले पाणी या वरच्या मर्यादेवरचे आहे आणि एक लिटर मिश्रणात ते ७०० मिलिलिटर आहे. म्हणजे ४२० मिलिग्रॅम चुना, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट. त्याची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, म्हणून आकारमान झाले साधारण १५५ घन मिलिमीटर. नळीचा आतला व्यास २ मिलिमीटर धरला तर ही नळी सुमारे ५ सेंटिमीटर लांबीपर्यंत पूर्ण बुजेल, तीही एकाच लिटरमध्ये! प्रत्यक्षात सगळा चुना चिकटत नाही, बराचसा वाफेच्या झोताबरोबर उडून जातो. तरीही तोंडाचे भोक नळीपेक्षा पुष्कळ बारीक असते, तेव्हा काही लग्ने पार पडेपर्यंत काय होईल ते सांगायला नको. हा हिशेब गणिताच्या तासालाही चांगला आहे.

मराठवाड्यात हा प्रश्न अधिक जाणवतो, त्याला भूगोल कारण आहे. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट आहे. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते आणि खडकातले हे घटक विरघळवून घेते. पाणी जितका काळ खडकात राहील तितके त्यातले क्षार वाढण्याची शक्यता अधिक. नांदेडला गोदावरीवर विष्णुपुरीचा जलाशय आहे. लातूरची भिस्त मांजरा धरणावर; ते आटले तेव्हा १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. अशा वर्षी बोअर खोल खोल जातात आणि नळाची जागा टँकर घेतो. लातूरची तूरडाळ देशभर जाते, पण गावोगावच्या कित्येक बोअरच्या पाण्यात ती लवकर शिजत नाही. पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट करते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी या यंत्रात घालू नये.

'मग उकळून गाळून घालू' असे कुणी म्हणेल. पुस्तकात तसे लिहिलेलेही आहे: उकळल्यावर बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन तळाशी बसते. पण त्याने अस्थायी कठिणताच जाते. सल्फेट आणि क्लोराइड पाण्यातच राहतात. आंघोळीच्या पाण्यात ते खपून जातील. इथे तर पाण्याचा शेवटचा थेंबही वाफ होणार आहे. तेव्हा ऊर्ध्वपातित पाणीच हवे. बॅटरीत घालायचे खनिजरहित पाणी दुकानात मिळते, ते चालते. शेजारीच बॅटरीचे ॲसिडही विकायला असते, म्हणून लेबल नीट वाचून घ्यावे.

तुंबण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. नळी अर्धी बुजली की द्रव पुढे सरकत नाही, गरम भागात रेंगाळतो आणि करपतो. त्याचा काळा चिकट थर चुन्यावर बसतो, नळी आणखी अरुंद होते, द्रव आणखी करपतो. जास्त तापलेल्या ग्लिसरीनपासून ॲक्रोलिन नावाचा वायुरूप पदार्थ तयार होतो. कढईत तेल करपल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो झणका येतो, त्यातही हाच असतो. बंद सभागृहात पुढच्या रांगेत लहान मुले बसलेली असताना असा वास आला तर कार्यक्रमाची पर्वा न करता यंत्र ताबडतोब बंद करावे आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. दम्याच्या मुलाला तर चांगल्या यंत्राचे धुकेसुद्धा बाधू शकते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्लग काढून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे. ठोकळ्याला थंड व्हायला तासभर सहज लागतो. मग दोष कुठे आहे ते ठरवायचे. तयार असल्याचा दिवाच लागत नसेल तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा फ्यूज यांची तपासणी हवी. ते काम वायरमनचे. दिवा लागतो पण पंप गप्प असेल तर तेही त्याच्याकडेच. पंप मोठ्याने खडखडत असेल तर तो हवा ओढतो आहे: टाकी रिकामी आहे, किंवा टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी कचऱ्याने बंद आहे. ही जाळी धुणे हा सर्वांत सोपा उपाय, आणि नेमका तोच करायचा राहतो. हा पंप आतल्या द्रवानेच थंड राहतो, त्यामुळे कोरडा चालवला तर तो जळतो. पंपाचा आवाज दबका, कण्हल्यासारखा येत असेल तर मात्र पुढची वाट बंद आहे. थंड यंत्राचे तोंड पान्याने काढून भोक उजेडाकडे धरून पाहावे. इथे जुन्या स्टोव्हची पिन कामाला येते, पण तोंड काढून घेतल्यावरच. जागच्या जागी पिन खुपसली तर कचरा आत जातो.

नळीतल्या चुन्यासाठी पांढरे व्हिनेगर हा उपाय आहे. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मनाई नसल्याची खात्री करावी, आणि काम उघड्यावर, तोंडासमोर कुणी नसताना करावे, कारण गरम द्रवाची चिळकांडी उडू शकते. एक भाग व्हिनेगर आणि चार भाग शुद्ध पाणी टाकीत घालून तापलेल्या यंत्रातून थोडे थोडे सोडायचे, मध्ये काही मिनिटे थांबायचे. ॲसिटिक आम्ल आणि कॅल्शियम कार्बोनेट यांपासून पाण्यात विरघळणारे कॅल्शियम ॲसिटेट बनते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. नंतर नुसते शुद्ध पाणी पुष्कळदा सोडावे, कारण व्हिनेगर आत राहिले तर ते धातूलाही खाते. याच कारणाने संडास साफ करायचे ॲसिड या कामाला कधीही वापरू नये. त्यातले हायड्रोक्लोरिक आम्ल तापल्यावर श्वासातून आत जाईल, आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचीही धडगत राहणार नाही.

करपलेला काळा थर मात्र व्हिनेगरला दाद देत नाही. दोन-तीन वेळा करूनही धुके येत नसेल तर ठोकळाच बदलावा लागतो. यंत्र कार्यक्रमानंतर थोडे शुद्ध पाणी सोडून मग बंद करण्याची सवय लावली, तर ती वेळ लवकर येत नाही.

वर्गात हे सारे यंत्राशिवायही दाखवता येते. काचेच्या चार पट्ट्यांवर बोअरचे, नळाचे, पावसाचे आणि बॅटरीचे पाणी, प्रत्येकी एक थेंब ठेवून उन्हात वाळू द्यावे. कोणत्या पट्टीवर पांढरे कडे उमटते ते मुलांनी भिंगातून पाहावे, आणि मग त्यावर व्हिनेगरचा थेंब सोडावा. बुडबुडे येतात तो कार्बोनेट. जे कडे बुडबुड्यांशिवाय तसेच राहते, ते कशाचे असेल याचा अंदाज मुलांना बांधू द्यावा.